फिगर स्केटिंग, ऑलिंपिक सामन्यांतील
धातूची पाती बसविलेले बूट घालून बर्फाच्या सपाट पृष्ठभागावर संगीताच्या साथीने उड्या, गिरक्या व पदन्यास सादर करण्याचा एक क्रीडाप्रकार. यातील जय-पराजय अंतराने वा वेळेने न ठरता पंचांनी दिलेल्या गुणांवर ठरतो. त्यामुळे कौशल्य व सौंदर्य यांचे मोजमाप कसे करावे, हा प्रश्न या खेळाच्या इतिहासात वारंवार उद्‌भवला आहे.

एकोणिसाव्या शतकात जॅक्सन हेन्झ या अमेरिकन स्केटरने या खेळास संगीत व नृत्य यांची जोड दिली. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना १८९२ मध्ये स्थापन झाली. १९०२ च्या जागतिक स्पर्धेत ब्रिटनच्या मॅज साइअर्स या महिलेने पुरुषांबरोबर उतरून दुसरा क्रमांक मिळविला. त्यानंतर महिलांना त्या स्पर्धेत मज्जाव करण्यात आला व १९०६ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र स्पर्धा सुरू झाली. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम समाविष्ट झाला. तेथे महिलांचे सुवर्णपदक साइअर्स यांनी, तर पुरुषांचे स्वीडनच्या उल्रिक साल्को याने जिंकले. १९२४ मध्ये फ्रान्समधील शामॉनी येथे पहिले हिवाळी ऑलिंपिक सामने भरले. त्यांत अकरा वर्षांची नॉर्वेची सोन्या हेनी शेवटची आली. मात्र पुढे १९२८, १९३२ व १९३६ असे सलग तीन वेळा तिने सुवर्णपदक पटकाविले. अमेरिकेच्या डिक बटनने १९४८ व १९५२ मध्ये अवघड उड्यांच्या बळावर अजिंक्यपद मिळविले. बर्फनृत्याचा समावेश १९७६ मध्ये झाला.

प्रारंभी बर्फावर ठराविक आकृत्या अचूकपणे रेखाटण्यास फार महत्त्व होते. १९७२ च्या सापोरो सामन्यांत ऑस्ट्रियाची बेआट्रिक्स शुबा मुक्त स्केटिंगमध्ये सातवी असूनही आकृत्यांतील आघाडीमुळे विजयी ठरली. प्रेक्षकांना ही तफावत खटकली. पुढील वर्षी लघुकार्यक्रम सुरू होऊन आकृत्यांचे महत्त्व घटले; १९९० नंतर त्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळण्यात आल्या. १९८४ मध्ये साराएव्हो येथे ब्रिटनच्या टॉर्व्हिल व डीन या जोडीस कलात्मकतेसाठी नऊही पंचांनी सहापैकी सहा गुण दिले.

२००२ च्या सॉल्ट लेक सिटी सामन्यांत जोडी-स्पर्धेच्या निकालावरून वाद माजला. फ्रेंच पंचावर दडपण आल्याचे उघड होताच कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक देण्यात आले. परिणामी सहा गुणांची जुनी पद्धती जाऊन प्रत्येक उडी व गिरकी यांस स्वतंत्र मूल्य देणारी पद्धती आली. ऑलिंपिकमध्ये ती २००६ मध्ये तूरिन येथे प्रथम वापरली गेली. सांघिक स्पर्धा २०१४ मध्ये सोची येथे सुरू झाली.

२०२२ च्या बीजिंग सामन्यांत रशियाच्या पंधरा वर्षीय कामिला वालियेव्हा हिच्या उत्तेजक-द्रव्य चाचणीच्या प्रकरणामुळे सांघिक पदके रोखण्यात आली. अमेरिका व जपान यांच्या खेळाडूंना ती २०२४ मध्ये पॅरिस येथे मिळाली. दरम्यान प्रौढ स्पर्धांसाठी किमान वयोमर्यादा १५ वरून १७ वर्षे करण्याचा निर्णय संघटनेने घेतला. गुणदानाची शास्त्रशुद्धता वाढली, तरी अवघड उड्यांना चढते मोल मिळू लागल्याने कोवळ्या वयाच्या खेळाडूंवरील ताणही वाढला, हे या प्रकरणाने निदर्शनास आणले.