नक्षीचें गणित

कर्जतहून कोथळीगडाकडे जाणाऱ्या वाटेवर कशेळें हें गांव लागतें. भोंवतीं भाताचीं खाचरें, त्यांपलीकडे ठाकरांच्या व कातकऱ्यांच्या वाड्या, आणि पूर्वेस सह्याद्रीची भिंत. गणिताच्या इतिहासाविषयीं बोलावयाचें असतां पॅरिस आणि पीटर्सबर्ग सोडून मी येथून आरंभ करतों, याचें कारण एक सूप आहे. श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं तें अजून असेल. नसल्यास आजीच्या घरचें आठवावें.

बांबूच्या कामट्यांचें हें सूप उजेडाकडे धरून पाहावें. आडवी कामटी दोन उभ्या कामट्यांवरून जाते, मग दोहोंखालून, पुन्हां दोहोंवरून. तिच्या शेजारची कामटी हेंच करते, पण एक घर सरकून; तिसरी आणखी एक घर सरकून. अशा चार ओळी झाल्या कीं पांचवी ओळ येते ती हुबेहूब पहिलीसारखी. सुपावरील तिरक्या रेघा या एका घराच्या सरकेंतून उमटतात. विणणाराला त्या वेगळ्या काढाव्या लागत नाहींत. त्यानें नेम पाळला कीं नक्षी आपोआप येते, आणि एका ठिकाणीं नेम चुकला कीं रेघ तुटते, ती लांबूनही दिसते.

या सरकेचा हिशेब मांडून पाहूं. आधीं दोन घरें सरकलों, मग तीन, तर एकंदर पांच. परंतु चार घरें सरकणें म्हणजे मुळींच न सरकल्यासारखें, म्हणून उत्तर एक. घड्याळाचे तास आपण असेच मोजतों. या घड्याळावर बाराऐवजीं चारच आंकडे आहेत एवढेंच. आणखी एक मौज आहे. दोन घरें सरकलीं कीं वर असलेली कामटी खालीं जाते व खालची वर येते; आणि हीच अदलाबदल दोनदां केली कीं पहिली स्थिति परत येते.

येथें आपण संख्यांची बेरीज करीत नसून क्रियांची करीत आहों. एकामागून एक केलेल्या दोन क्रिया मिळून त्याच कुटुंबांतील तिसरी क्रिया होते. ‘कांहींच न करणें’ हीही त्या कुटुंबांतील एक क्रिया मानावी लागते. आणि प्रत्येक क्रियेला तिचा परिणाम पुसून टाकणारी उलट क्रिया त्याच कुटुंबांत सांपडते. अशा कुटुंबाला गणितांत गट म्हणतात. व्याख्येंत कंसांविषयींचा आणखी एक नियम आहे, पण क्रियांच्या बाबतींत तो आपोआपच पाळला जातो.

आपल्याकडे या विचाराचा एक भाग फार पूर्वीं झालेला आहे. भास्कराचार्यांनीं ११५० मध्यें रचलेल्या ‘लीलावतीं’त अंकपाश नांवाचें प्रकरण आहे. त्यांत प्रश्न येतो कीं, शंख, चक्र, गदा व पद्म हीं चार हातांत अदलून बदलून धरलीं तर हरीचीं रूपें किती. उत्तर चोवीस. संध्येंत केशवापासून आपण जीं चोवीस नांवें घेतों, तीं मूर्तिशास्त्रांत याच चोवीस मूर्तींचीं मानलीं आहेत. त्याच ठिकाणीं दहा हातांच्या शंभूचीं रूपेंही विचारलीं असून तीं छत्तीस लक्ष अठ्ठावीस हजार आठशें भरतात. या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें खानदेशांत पाटण येथें मठ स्थापिला. त्याविषयींचा १२०७ चा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनीं १८६५ मध्यें उजेडांत आणला.

भास्कराचार्यांनीं रूपें मोजलीं. एका रूपावरून दुसऱ्यावर जाण्याच्या क्रिया एकमेकींस जोडल्या नाहींत. हा भेद केवढा आहे तें एका चौकोनी रुमालानें घरच्या घरीं पाहतां येतें. रुमालाचे चार कोपरे मनाला येईल तसे अदलले तर चोवीसच रचना होतील. पण रुमाल न चुरगळतां, न फाडतां, पुन्हां त्याच चौकटींत बसवावयाचा असेल, तर त्यांपैकीं आठच शक्य आहेत: चार वळणें आणि चार उलटणीं. आतां तुमच्यापासून दूरच्या डाव्या कोपऱ्याला गांठ मारा. रुमाल घड्याळाच्या दिशेनें पाव फेरा फिरवा, नंतर पुस्तकाचें पान उलटावें तसा उलटा. गांठ परत दूरच्या डाव्या कोपऱ्यांत येईल. पुन्हां मूळ स्थितीपासून आरंभ करा, पण या वेळीं आधीं उलटा आणि मग फिरवा. गांठ तुमच्या जवळच्या उजव्या कोपऱ्यांत येईल. सातापांचांची बेरीज कोणीकडूनही केली तरी बाराच. क्रियांच्या जगांत मात्र आधीं काय आणि मागून काय याला महत्त्व आहे. स्वयंपाकघरांत वावरणाऱ्यांना हें सांगावयास नकोच.

युरोपांत क्रियांच्या या जोडणीकडे लक्ष गेलें तें नक्षीमुळें नव्हे, समीकरणांमुळें. लाग्रांज यानें १७७०-७१ मध्यें समीकरणाच्या मुळांची अदलाबदल केली असतां काय टिकतें व काय बदलतें याचा विचार मांडला. त्यावरून एव्हारिस्त गाल्वा या तरुणानें दाखविलें कीं, समीकरण सुटेल किंवा नाहीं हें त्याच्या मुळांच्या अदलाबदलींच्या गटावरून ठरतें. ‘गट’ हा शब्द या अर्थानें त्यानेंच वापरला. १८३२ च्या मे महिन्यांत द्वंद्वयुद्धांत जखमी होऊन तो मेला, तेव्हां तो वीस वर्षांचा होता. त्याचे कागद लिउव्हील यानें १८४६ मध्यें छापले. तेव्हांपासून गटांची कल्पना विद्यार्थ्यांपुढें अमूर्त चिन्हांच्या वाटेनेंच येत राहिली, आणि माझ्या मतें यामुळें ती विनाकारण भयंकर झाली.

नक्षीचा क्रम लागला तो फार उशिरां, आणि तोही स्फटिकांचा अभ्यास करणारांच्या हातून. रशियन शास्त्रज्ञ फेदोरोव यानें १८९१ मध्यें सिद्ध केलें कीं, सपाटीवर दोन दिशांनीं अखंड पसरणाऱ्या नक्ष्या कितीही दिसल्या तरी त्यांच्या सममितीचे प्रकार सतराच आहेत. जॉर्ज पोल्या यानें १९२४ मध्यें हे सतरा प्रकार स्वतंत्रपणें, एकेका चित्रासह मांडले. एशर या डच चित्रकारानें तीं चित्रें आपल्या वहींत उतरवून घेतलीं. विणकराच्या दृष्टीनें मात्र मला अधिक जवळचें वाटतें तें लीड्स येथील वस्त्रविद्येच्या विभागांतील वुड्स यांचें काम. १९३५-३६ मध्यें त्यांनीं दोन रंगांच्या नक्ष्यांचा विचार केला आणि रंगांची अदलाबदल हीही एक क्रिया धरून शेहेचाळीस प्रकार काढले. सुपावर आपण पाहिलेली वर-खालची अदलाबदल याच जातीची आहे.

सतरा कां, याचें उत्तर थोडें येथें देतां येईल. पाटापुढें पांच पाकळ्यांचें कमळ आपण खुशाल काढतों. पण ठिपक्यांच्या रांगोळींत, चहूंकडे पसरणाऱ्या नक्षींत, पांचाचें वळण बसत नाहीं. समजा बसलें. अशा वळणाचीं सर्वांत जवळचीं दोन केंद्रें घ्या. पहिल्याभोंवतीं दुसरें एकपंचमांश फेरा फिरवा, आणि दुसऱ्याभोंवतीं पहिलें तितकेंच, पण त्याच बाजूस येईल असें उलट दिशेनें. जीं दोन नवीं केंद्रें मिळतात त्यांतील अंतर आधींच्या अंतराच्या निम्म्याहूनही कमी भरतें. म्हणजे सर्वांत जवळच्यांहूनही जवळचीं निघालीं. हें अशक्य, म्हणून पांच बाद. दोन, तीन, चार आणि सहा एवढींच वळणें उरतात. पुनरावृत्तीचा आग्रह सोडला तर पांचालाही जागा मिळते, हें पेनरोज यांनीं १९७४ मध्यें फरशांनीं दाखविलें, आणि १९८२ मध्यें शेख्टमन यांना तसा पदार्थच आढळला. पण तो विषय निराळा.

पट्टीसारख्या एकाच दिशेनें जाणाऱ्या नक्षीचे प्रकार सातच आहेत. त्यांतील सर्वांत साधेपणानें समजणारा प्रकार पावसाळ्यांत कशेळ्याच्या कोणत्याही बांधावर चिखलांत उमटतो: डावें पाऊल, पुढें सरकून उजवें, पुढें सरकून डावें. येथें आरसा एकटा चालत नाहीं. सरकणें आणि उलटणें हीं दोन्हीं एकदम करावीं लागतात. सर्वांत संपन्न प्रकार पाहावयाचा तर त्याच कर्जत तालुक्यांत राजमाचीच्या पायथ्याशीं कोंडाण्याचीं बौद्ध लेणीं आहेत. त्यांच्या दर्शनी भागावर लाकडी कठड्याची नक्कल दगडांत कोरली आहे: उभे खांब आणि त्यांमधून गेलेल्या आडव्या पट्ट्या. ही वेदिका डावी-उजवी उलटा, वर-खालीं उलटा, अर्धा फेरा फिरवा, किंवा एका खांबानें पुढें सरकवा. ती तशीच राहते.

सूप विणणाराला गटांचा सिद्धांत ठाऊक असतो, असें मला म्हणावयाचें नाहीं. तसें म्हणणें ही खुशामत होईल. सिद्धांत ज्याविषयीं आहे ती वस्तु मात्र त्याच्या हातांत असते. वाडीवरचा मूल गणितांत कच्चा, असा शेरा मारण्यापूर्वीं त्याला विचारून पाहावें कीं, एक घर सरकण्याऐवजीं प्रत्येक वेळीं तीन घरें सरकलों तर रेघा कोणीकडे झुकतील? चिन्हें शिकलेला विद्यार्थी कागद मागेल. विणणाऱ्या घरांतील मुलाला ते झुकणें बोटांनींच सांगतां येईल, कारण पुढें तीन म्हणजे मागें एक. या उत्तरांत उलट क्रियेची कल्पना आलेली आहे. तिला नांव देणें तेवढें शिक्षकाचें काम उरतें. आज बहुधा उलट क्रमानें चालतें. नांव आधीं येतें, आणि सूप वर्गाच्या दाराबाहेर राहतें.

कोंडाण्याच्या त्या दर्शनी भागावर, एका भग्न मूर्तीच्या शिरापाशीं, ब्राह्मी लिपींत एक ओळ आहे. हें काम कण्हाचा शिष्य बलक यानें केलें, एवढाच तिचा आशय. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या त्या कारागिरानें आपल्या नांवाआधीं गुरूचें नांव कोरलें आहे.