रविवारची सहल आणि आपले भिलाई

पूर्वी सुट्टी लागली की भिलाईतला मराठी माणूस थेट नागपूरची गाडी पकडायचा. नोकरी इथे, घर तिकडे! ही वाटही जुनीच. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने नागपूर-राजनांदगाव ही मीटरगेज लाइन ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केली.

१९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले. दूरदूरची माणसे आली; पण रविवार घालवायचा कुठे?

१९७२ मध्ये दोन देशांच्या मैत्रीची आठवण म्हणून मैत्री बाग झाली. जामुलची कुटुंबे रूळ ओलांडून, पोळी-भाजीचे डबे घेऊन तिकडे जाऊ लागली. पुढे पांढरे वाघही आले. १९२१ चे तांदुळा धरण आणि लोकलने गाठायची डोंगरगडची बम्लेश्वरी ही ठिकाणेही आपलीशी झाली.

रेल्वेच्या नोकरीत मी हेच पाहिले: बदलीने माणूस गावात येतो, सहलींनी तो गावचा होतो. आज "सुट्टीत घरी जाऊ" म्हटले की मुले विचारतात, "घर तर इथेच आहे ना?" याचा आनंदच आहे. तरी वर्षातून एकदा नागपूरची गाडी पकडावी. तिकडे आजी वाट पाहत असते.