वाफा, रजोनिवृत्तीतील

पाळी जाण्याच्या सुमारास छाती, मान व चेहऱ्यावर अचानक उसळणारी उष्णतेची लाट. छाती धडधडते, घामाच्या धारा लागतात आणि बहुधा पाच मिनिटांच्या आत लाट ओसरून हुडहुडी भरते. रात्री आली की झोप मोडते. सलग १२ महिने पाळी आली नाही, तर रजोनिवृत्ती झाली असे धरतात. भारतात ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा काही वर्षे आधी येते. वाफा मात्र पाळी अनियमित होऊ लागल्यापासूनच सुरू होऊ शकतात. अमेरिकेतील ‘स्वान’ पाहणीत वारंवार वाफा येणाऱ्यांमध्ये त्रासाचा मध्यक काळ ७.४ वर्षे आढळला. ‘दोन-चार महिने सोसायचं’ हा घरचा सल्ला त्यापुढे फारच तोकडा ठरतो.

ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यात त्रास ओळखणेच अवघड. खाडीकाठची दमट हवा आणि सकाळचा महिला डबा यांत घाम कोणाला येत नाही? कल्याणहून महिला विशेष लोकल १ जुलै १९९२ रोजी सुरू झाली; तिने नोकरीला जाऊ लागलेली पहिली पिढी एव्हाना या वयातून गेली, बहुतेक जणी उकाड्यालाच बोल लावत. एसी कार्यालयात किंवा जानेवारीच्या पहाटे घाम फुटला, तर मात्र उकाड्याला दोष देता येत नाही.

मूळ मेंदूत आहे. इस्ट्रोजेन घटले की हायपोथॅलॅमसमधील काही चेतापेशी अतिसक्रिय होतात व शरीराचा तापमान सोसण्याचा पट्टा अरुंद होतो. मग किंचित वाढलेल्या तापमानालाही शरीर घामाने उत्तर देते. गरम चहा, तिखट किंवा गर्दी हे निमित्त ठरू शकते, कारण नव्हे. अंडाशयांसह ‘पिशवी काढलेल्या’ स्त्रियांत इस्ट्रोजेन एकदम घटते, म्हणून वाफाही तीव्र असतात.

सुती कपडे, पंखा, गार पाणी यांनी बरे वाटते. वाफांची संख्या त्याने घटते असा भक्कम पुरावा नाही. वजन कमी करणे व बोधात्मक वर्तनोपचार यांचा उपयोग दिसला आहे. सर्वांत प्रभावी उपचार इस्ट्रोजेनचा. गर्भाशय असल्यास सोबत प्रोजेस्टेरॉन लागते. २००२ च्या अमेरिकी अभ्यासानंतर या उपचाराची धास्ती बसली, पण त्यातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, हे बातम्यांत मागे पडले. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत तो सुरू केल्यास बहुतेक निरोगी स्त्रियांत फायदा जोखमीहून अधिक असतो. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात किंवा यकृतविकार असल्यास सहसा देत नाहीत. अशा स्त्रियांसाठी व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेंटिन असे बिगरसंप्रेरक पर्याय आहेत. वरील चेतापेशींवरच काम करणाऱ्या फेझोलिनेटंटला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

रात्रीच्या घामासोबत संध्याकाळचा ताप, खोकला, वजनघट असेल तर आधी क्षयरोगाची तपासणी हवी; थायरॉइडचीही करून घ्यावी. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे लगेच जावे.