यादीतला शेवटचा क्रमांक

११ फेब्रुवारी २००९ ची रात्र. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील सिएटलहून २४ वर्षांची एक सहवैमानिक मालवाहू विमानातील जादा आसनावर बसून कामाला निघाली. मेम्फिसला विमान बदलून ती सकाळी नेवार्कला पोहोचली. अवघा खंड आडवा ओलांडून झाला होता आणि तिची ड्यूटी अजून सुरूही झाली नव्हती. तिच्या कॅप्टनचे घर फ्लोरिडात. त्याने ती रात्र नेवार्कच्या कर्मचारी-कक्षात काढली. तिथे रात्री झोपण्यास कंपनीची मनाई होती.

१२ तारखेच्या रात्री या दोघांचे कोल्गन एअरचे विमान बफेलो विमानतळाजवळ एका घरावर कोसळले. विमानातील ४९ आणि घरातील एक, असे ५० जण मृत्युमुखी पडले.

अपघाताची तांत्रिक कथा अनेकांनी सांगितली आहे. विमानाचा वेग घटला, धोक्याचा इशारा मिळाला आणि कॅप्टनने नेमकी उलटी कृती केली. या थ्रेडमध्ये आपण दुसरा प्रश्न घेऊ. ही माणसे आपल्या बेसपासून इतकी दूर का राहत होती? त्याचे उत्तर शोधायला १९३० च्या दशकात जावे लागते.

त्या काळी हवामान कितीही वाईट असले तरी टपाल पोहोचलेच पाहिजे, असा मालकांचा दबाव असे. नकार देणाऱ्या वैमानिकाची नोकरी जाई. १९३१ मध्ये डेव्हिड बेन्के यांच्या पुढाकाराने वैमानिकांची संघटना उभी राहिली. १९३४ मध्ये राष्ट्रीय श्रम मंडळाने ‘निर्णय क्रमांक ८३’ दिला आणि महिन्याला ८५ तासांपेक्षा अधिक उड्डाण नको, असे ठरले. १९३६ मध्ये रेल्वेचा कामगार कायदा विमान कंपन्यांनाही लागू झाला, आणि रेल्वे कामगारांत रुजलेली ज्येष्ठता यादी वैमानिकांच्या करारांतही स्थिरावली.

ही यादी म्हणजे काय, हे एसटीत किंवा जिल्हा परिषदेत नोकरी करणाऱ्याच्या घरात समजावून सांगावे लागणार नाही. रुजू होण्याची तारीख हाच तुमचा क्रमांक. साहेबाची मर्जी, ओळखपाळख, सगळे बाद. वादळात उड्डाण नाकारणाऱ्याला खालच्या जागी ढकलता येईना. माझ्या मते ही यादी तिच्या काळातील सुरक्षेचे एक साधनच होती.

मात्र वैमानिकाचे सारे आयुष्य या एका क्रमांकावर बेतलेले असते. कोणते शहर, कोणते विमान, कोणती सुट्टी, हे वरचे लोक आधी निवडतात आणि उरलेले खालच्यांच्या वाट्याला येते. तळाचा वैमानिक ‘रिझर्व्ह’वर असतो: फोन वाजला की ठरलेल्या वेळेत विमानतळावर हजर. वेतन मुख्यतः विमान जागचे हलल्यापासून ते पुन्हा थांबेपर्यंतच्या तासांचे. विमानतळावर ताटकळण्यात गेलेल्या वेळाचे मोल जवळपास शून्य. आणि कंपनी बदलली, तर वीस वर्षांचा कॅप्टनही नव्या यादीत पुन्हा शेवटी!

पूर्वी हे सोसण्यासारखे होते, कारण मोठ्या कंपनीत थांबले की क्रमांक वर सरकत असे. १९७८ च्या नियंत्रणमुक्ती कायद्यानंतर भाडेयुद्ध पेटले. मोठ्या कंपन्यांनी लहान मार्ग स्वस्तात उडवणाऱ्या प्रादेशिक कंपन्यांकडे सोपवले. विमानावर रंग आणि नाव मोठ्या कंपनीचे, वैमानिकाचा पगार दुसऱ्याच कंपनीचा. बफेलोच्या प्रवाशांच्या तिकिटावरही कॉन्टिनेन्टलचे नाव होते. अशा रीतीने एका यादीच्या जागी अनेक याद्या आल्या. मोठ्या कंपन्यांच्या वैमानिक संघटनांनी प्रादेशिक विमानांतील आसनांवर मर्यादा घालून आपल्या नोकऱ्या राखल्या. त्या मर्यादेखाली जे उरले, ते नवख्यांचे.

बफेलोच्या चौकशीत या व्यवस्थेचा हिशेब उघड्यावर आला. सहवैमानिकेचे वार्षिक वेतन कंपनीने प्रथम सुमारे १६ हजार डॉलर सांगितले, मग दुरुस्त करून सुमारे २४ हजार. नेवार्कसारख्या महाग शहरात त्यात घर भागत नाही. तिथल्या कोल्गनच्या १३७ वैमानिकांपैकी ९३ जण बाहेरगावाहून ये-जा करत होते. त्या दिवशी सहवैमानिकेला सर्दी झाली होती. आजारी म्हणून सुट्टी घेतली तर हॉटेलचे पैसे आपल्यालाच भरावे लागतील, अशा अर्थाचे तिचे बोलणे कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात आहे. मला हा सारा अहवाल वाचताना थांबावे लागले ते याच जागी.

चौकशी मंडळाने म्हटले की थकव्याने दोघांची कामगिरी बहुधा खालावली होती, पण किती, हे निश्चित सांगता येत नाही. अध्यक्षा डेबोरा हर्समन यांनी स्वतंत्र निवेदन जोडून थकव्याला अपघाताचे साहाय्यक कारण मानावे, असा आग्रह धरला.

मृतांचे नातेवाईक वॉशिंग्टनला पुन:पुन्हा जात राहिले आणि २०१० मध्ये कायदा झाला. सहवैमानिकालाही साधारणतः १५०० तासांच्या उड्डाणाची अट आली. जानेवारी २०१४ पासून ड्यूटीआधी १० तासांची विश्रांती आणि त्यात ८ तास अखंड झोपेची संधी बंधनकारक झाली. मालवाहू विमानांना मात्र यातून वगळले गेले, म्हणजे ज्या प्रकारच्या विमानात बसून ती सहवैमानिक देश ओलांडून आली, त्यांच्याच वैमानिकांना. घरापासून बेसपर्यंतच्या प्रवासावरही मर्यादा आली नाही. उड्डाणास तंदुरुस्त असल्याची कबुली वैमानिकाने स्वतः द्यायची, एवढेच.

पगार वाढायला आणखी काही वर्षे आणि वैमानिकांचा तुटवडा लागला. २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या तीन प्रादेशिक कंपन्यांनी नवख्या सहवैमानिकाचा दर बोनस धरून तासाला ९० डॉलरवर नेला. यादी मात्र जागच्या जागी आहे. नाताळच्या रात्री बफेलोला कोण उडणार, हे आजही तीच ठरवते.