नेल्सनच्या घरची लढाई

श्रोतेहो, लढायांचा इतिहास आपण सेनापतींच्या नावांनी पाठ करतो. आज मात्र जरा सेनापतीच्या घरात डोकावू या. इंग्रज आरमाराचा सेनापती नेल्सन शाळेच्या पुस्तकातून आपल्या ओळखीचा आहे. त्याची बायको फॅनी मात्र फारशी कुणाला ठाऊक नाही.

फॅनी ही वेस्ट इंडीजमधल्या नेव्हिस बेटावरची, एका मुलाची आई असलेली तरुण विधवा. ११ मार्च १७८७ रोजी तिचे नेल्सनशी लग्न झाले. पुढे दिवस शांततेचे आले. जहाज नाही, पगार निम्मा! नॉरफोकमधल्या बर्नहॅम थॉर्प या सासरच्या गावी तिने पाच वर्षे काढली. उबदार बेटावर वाढलेल्या त्या बाईला तिथली थंडी सोसत नसे.

१७९३ साली फ्रान्सशी युद्ध जुंपले. नेल्सनला जहाज मिळाले आणि त्याच जहाजावर फॅनीचा मुलगा जोसायाही गेला. एकाच जहाजावर नवरा आणि लेक! घरी राहिली ती टपालाची वाट.

१७९७ साली टेनेरीफच्या हल्ल्यात नेल्सनचा उजवा हात गोळीने फुटला. जोसायाने तो आवळून बांधला म्हणून जीव वाचला. हात मात्र कापावा लागला. नेल्सन घरी आला तेव्हा जखमेत शिवणीचा धागा अडकलेला होता, जखम भरेना. तिची मलमपट्टी फॅनी स्वतः करायला शिकली. डिसेंबरात तो धागा सुटला, तेव्हा कुठे त्याला आराम पडला.

पुढच्याच वर्षी, १ ऑगस्टला, नेल्सनने नाईलची लढाई जिंकली. ही बातमी लंडनला पोचली २ ऑक्टोबरला! दोन महिने आपले कुंकू शाबूत आहे की नाही, हे जणू तिला ठाऊक नव्हते.

विजयानंतर नेल्सन एमा हॅमिल्टनच्या नादी लागला. १८०१ मध्ये त्याने फॅनीला सोडले. त्या डिसेंबरात तिने समेटाचे पत्र धाडले. ते परत आले. वर शेरा होता, चुकून उघडले, वाचलेले नाही!

१८०५ साली ट्रॅफल्गरला नेल्सन पडला. सरकारने फॅनीला वर्षाला २००० पौंडांचे वेतन दिले. १८३१ साली ती वारली.

शिक्षक बंधुभगिनींनो, ट्रॅफल्गर शिकवाल तेव्हा ही मलमपट्टीही सांगा. ज्यांच्या घरचा माणूस फौजेत आहे, त्या मुलांना ती लगेच समजेल.