संयोजकाचे नाव

भिवंडीच्या यंत्रमागावर विणलेले कोरे कापड रंगाईसाठी बाहेर जाते आणि पुढे एखाद्या नामांकित कंपनीच्या शिक्क्यानिशी दुकानात येते. विणणाऱ्याचे नाव त्यावर कुठेच नसते. मुंबईच्या चित्रपटसंगीताचे बरेचसे कापडही असेच विणले गेले. ते विणणारे बहुतेक गोव्याचे ख्रिस्ती वादक होते. जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदासाठी नवे संगीत रचणे व त्याचे संयोजन करणे, हे त्यांचे मूळ कसब. त्यांच्याविषयी आपल्या भाषेत फारसे लिहिले गेलेले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

संयोजन म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. जॅझच्या 'बिग बँड'मध्ये साधारणतः पाच सॅक्सोफोन, चार ट्रंपेट, तीन-चार ट्रॉम्बोन आणि पियानो, बास, गिटार, ड्रम असा सोळा-सतरा जणांचा मेळ असतो. चाल एकच असते, पण प्रत्येकासमोरचा कागद वेगळा असतो. ट्रंपेटवाल्याने कागदावरचा जो स्वर वाजवावा, तो पियानोवरच्या त्याच नावाच्या स्वरापेक्षा खाली उमटतो. आल्टो सॅक्सोफोनचे गणित आणखी निराळे. हे सारे मनात ऐकून, कुणाला कुठे श्वास घ्यायला सवड द्यायची याचाही विचार करून, जो कागद भरतो तो संयोजक. अमेरिकेचे ड्यूक एलिंग्टन तर वाद्यासाठी नव्हे, विशिष्ट वादकासाठी लिहीत असत.

ही विद्या गोव्यात आली ती चर्चच्या दारातून. पोर्तुगीज अमदानीत धर्मग्रामाच्या शाळेत 'मेस्त' मुलांना सोल्फेज, म्हणजे स्वरलिपीचे वाचन, व्हायोलिन आणि भक्तिगीते शिकवी. हेतू मिस्सेच्या गायनवृंदाचा होता; पण कागद पाहताच वाजवणारी मुले त्यातून तयार झाली आणि पोटासाठी मुंबईस आली. 1935 साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजला. त्यांच्यानंतर पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. गोव्याच्या वादकांनी त्यांच्याजवळून लयीचा झोका उचलला. कागद वाचता येत होताच. कागदावर न लिहिता येणारी गोष्ट त्यांना तिथे मिळाली. 1939 पासून मिकी कोरिया यांच्या बँडने त्याच हॉटेलात दोन दशके काढली.

स्वातंत्र्यानंतर दारूबंदीचा 1949 चा कायदा आला, नाचघरे ओस पडू लागली आणि वादक स्टुडिओंकडे वळले. तिथे त्यांची गरज होतीच. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी 1947 च्या 'शहनाई'पासून पाश्चात्त्य ठेका घरोघर नेला. 1951 च्या 'अलबेला'त हळदोण्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे अंतोनियो शावियर वाझ, आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. फाळणीपूर्वी लाहोरात बँड चालवणारे सेबॅस्टियन डिसोझा मुंबईत आले आणि शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे संयोजक झाले. संगीतकार पेटीवर चाल ऐकवी. तिच्याभोवतीचे प्रास्ताविक सूर, कडव्यांमधले तुकडे, गायकाच्या आवाजाखालून वाहणारी दुसरी सुरावट, हे पुष्कळदा संयोजकाच्या लेखणीतून उतरे. श्रेयनामावलीत तो फार तर 'सहायक' असे.

चाल चोरली, असा आरोप आम्ही करीत नाही. चाल संगीतकाराचीच होती, आणि चालीवाचून गाणे नाही. परंतु गाणे सुरू होताच शब्द येण्याआधी आपण ते ज्या सुरांवरून ओळखतो, ते सूर लिहिणाऱ्याला नाव नसावे, हा व्यवहार आम्हांला न्याय्य वाटत नाही.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांना ही उणीव फार लवकर जाणवली असावी. व्हायोलिनवादक, संयोजक आणि प्यारेलाल व राहुलदेव बर्मन यांचे गुरू अशी त्यांची ओळख. भारतीय राग पाश्चात्त्य वाद्यवृंदात बसवण्याचा त्यांना ध्यास होता. वृंदावनी सारंगाचेच उदाहरण घ्या. षड्जावर नेहमीचा त्रिस्वर मेळ बांधायचा तर गंधार हवा. सारंगात गंधार वर्ज्य, धैवतही वर्ज्य. पंचमावर आणि कोमल निषादावर मात्र मेळ पुरा बसतो, कारण त्यासाठी लागणारे स्वर रागातच आहेत. म्हणजे घराच्या उंबऱ्यावर आधार नाही, आतल्या खोल्यांत आहे! अशा कोड्यांतून वाट काढून गोन्साल्विस यांनी सारंग रागातील कन्सर्टो आणि 'सोनाटिना इंडियाना' लिहिले. 1958 साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात शंभराहून अधिक वादकांच्या इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्राने त्यांच्या रचना वाजवल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे गायनासाठी होते. या वेळी लिहिणाऱ्याचे नाव अग्रभागी होते. 1965 साली ते अमेरिकेस गेले. परतल्यावर चित्रपटसृष्टीकडे न वळता गावीच राहिले. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'तील गाण्यात लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यामुळे गुरूचे नाव देशभर दुमदुमले. मात्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते एका कल्पित पात्राचे वाटले. 2012 च्या जानेवारीत ते वारले.

मडगावचे ख्रिस पेरी यांनी वेगळी वाट धरली. 1928 साली जन्मलेले हे ट्रंपेटवादक आणि सॅक्सोफोनवादक. त्यांनी बिग बँडचे पितळी वैभव थेट कोकणी गाण्यात आणले आणि लोर्ना कोर्देरो यांच्या आवाजात 'बेबदो', 'पिसो' अशी गाणी दिली. इथे चाल त्यांची, संयोजन त्यांचे, बँड त्यांचा. हिंदीच्या तुलनेत बाजारपेठ चिमुकली होती. पण ध्वनिमुद्रिकेवर नाव स्वतःचे होते. ख्रिस पेरी 2002 साली गेले. 2014 साली 'नाचूंया कुंपासार' हा कोकणी चित्रपट त्या काळातील गाण्यांवरच उभा राहिला, आणि पेरींच्या चाली पुन्हा पितळी वाद्यांसह नव्याने मुद्रित झाल्या.