हत्याराने कोठून जावे?

यंत्रशाळेतील कारागिराच्या हाती जे ड्रॉइंग येते त्यात वस्तूचा आकार असतो. हत्याराने कोणत्या वाटेने जावे हे त्यात लिहिलेले नसते. दहा मिलिमीटर व्यासाचा कटर एखाद्या वाटोळ्या तबकडीच्या कडेने फिरवावयाचा झाला, तर कटरचा मध्य त्या कडेवरून जात नाही. तो कडेपासून पाच मिलिमीटर दूर राहून, तबकडीहून मोठ्या अशा दुसऱ्याच वर्तुळावरून जातो. कोठे वेग आवरावा, कोठे थोडी धातू राखून शेवटचा हलका हात फिरवावा, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या कारागिराच्या मनगटात राहत आले. विसाव्या शतकाच्या मध्यास ते मनगटातून काढून अंकांत उतरविण्याचा उद्योग सुरू झाला. आज सीएनसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्रांचा इतिहास म्हणजे या उद्योगाचाच इतिहास होय.

त्याचा आरंभ अमेरिकेतील मिशिगन राज्यात, ट्रॅव्हर्स सिटी या गावी झाला. जॉन पार्सन्स यांचा कारखाना तेथे सिकॉर्स्की कंपनीच्या हेलिकॉप्टरांसाठी पंख्याची पाती करीत असे. पात्याच्या आकाराची बाह्यरेषा त्यांच्याकडे अवघ्या सतरा बिंदूंच्या रूपाने येई. मधली रेषा वक्रपट्टीच्या साहाय्याने भरून काढावी लागे, आणि ती भरणाऱ्याच्या हाताप्रमाणे थोडी इकडेतिकडे होई. उडत्या यंत्राच्या पात्यात असा फरक म्हणजे वैमानिकाच्या जिवाशी खेळ. पार्सन्स यांच्याकडे फ्रँक स्टुलेन हे अभियंते आले, आणि पात्यांवरील ताणाची गणिते त्यांनी छिद्रांकित कार्डांच्या यंत्रावर करावयास प्रारंभ केला. ते पाहून पार्सन्स यांनी विचारले: सतरांच्या जागी दोनशे बिंदू काढता येतील काय? आणि प्रत्येक बिंदू कटरच्या त्रिज्येइतका बाहेर सरकवून देता येईल काय?

या दुसऱ्या प्रश्नात पुढच्या साऱ्या विद्येचे बीज आहे. वस्तूच्या रेषेऐवजी हत्याराच्या मध्याची रेषा गणिताने काढावयाची, ही ती कल्पना. स्टुलेन यांनी तसे तक्ते करून दिले. मग कारखान्यात एक माणूस तक्त्यातील आकडे मोठ्याने वाची; दुसरा एका दिशेचे चाक फिरवी, तिसरा दुसऱ्या दिशेचे. प्रत्येक बिंदूवर कटर टेकला की फरम्याची कड दातेरी उमटे, आणि राहिलेले उंचवटे कानशीने घासून ती गुळगुळीत केली जाई. दोनशे बिंदूंनंतरही कानस लागलीच. आकड्यांनी भागविलेले काम आणि हाताने पुरे केलेले काम यांची सीमा त्या फरम्यावर स्पष्ट दिसत होती.

तक्ते वाचणाराची आणि चाके फिरविणाऱ्यांची जागा यंत्रानेच घ्यावी, या हेतूने १९४९ साली अमेरिकेच्या हवाई दलाने पार्सन्स यांच्या कारखान्याशी करार केला. मोटारींच्या नियंत्रणाचे ज्ञान हवे म्हणून पार्सन्स मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या प्रयोगशाळेकडे गेले. तेथील तज्ज्ञांनी दाखवून दिले की, बिंदूवर पोचणे पुरेसे नाही. दोन बिंदूंच्या मधला प्रवासही काबूत असला पाहिजे, नाही तर कड पायऱ्यापायऱ्यांची होईल. मूळ कल्पनेला त्यामुळे खोली आली. पण काम वाढले, खर्च वाढला, आणि संस्थेने हवाई दलाशी परस्पर नवा करार केला. ज्यांनी प्रश्न विचारला होता ते पार्सन्स बाहेर राहिले. सप्टेंबर १९५२ मध्ये छिद्रपट्टीवरील आज्ञांनुसार तिन्ही दिशांनी एकाच वेळी चालणारे मिलिंग यंत्र लोकांना दाखविण्यात आले. पार्सन्स यांच्या पेटंटला मान्यता मिळाली ती पुढे जानेवारी १९५८ मध्ये.

याच काळात दुसरी एक वाटही उघडी होती. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत असे यंत्र बनविले गेले की, कुशल कारागिराने एकदा वस्तू घडवावी, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर टिपल्या जाव्यात आणि मग यंत्राने त्या जशाच्या तशा पुन्हा कराव्यात. या पद्धतीत ज्ञानाचा धनी कारागीरच राहत होता. परंतु विमानांचे गुंतागुंतीचे वक्र पृष्ठभाग हाताने एकदा तरी अचूक घडविणे अवघड होते. शिवाय पैसा पुरविणाऱ्या हवाई दलाचा आणि काम कागदावर ठरवू पाहणाऱ्या व्यवस्थापकांचा कल गणिताकडे होता. ती वाट मागे पडली. कारखान्यातले ज्ञान कोणाच्या हाती असावे, हा प्रश्न मात्र तेव्हापासून उभा आहे.

गणिताची वाटही सुकर नव्हती. वस्तू कापण्यापेक्षा तिची छिद्रपट्टी तयार करण्यासच अधिक वेळ जाई. जॉन रनयॉन यांनी हे काम संस्थेच्या व्हर्लविंड संगणकाकडे सोपविले. एका प्रसंगी आठ तासांचे काम पंधरा मिनिटांत झाले. त्यानंतर डग्लस रॉस यांच्या नेतृत्वाखाली ‘ॲप्ट’ ही भाषा घडविण्यात आली. तिची मांडणी एखाद्या गाडीवानाला वाट सांगावी तशी आहे. हत्याराचे टोक ज्यावर टेकून चालते तो एक पृष्ठभाग, ज्याच्या कडेने ते जाते तो दुसरा, आणि जेथे पोचून थांबावयाचे तो तिसरा. हे तीन सांगितले की मधले सारे बिंदू संगणकाने काढावयाचे. फेब्रुवारी १९५९ मध्ये या भाषेची माहिती वृत्तपत्रांना देण्यात आली, तेव्हा प्रतिनिधींच्या हाती तिच्या आज्ञांनी कापलेले ॲल्युमिनियमचे रक्षापात्र ठेवण्यात आले होते.

परंतु बिंदू संगणकाने काढावयाचे म्हटले, तरी किती काढावयाचे हे माणसालाच ठरवावे लागते. यंत्र वक्ररेषा पुष्कळदा लहान सरळ तुकड्यांनी चालते. शंभर मिलिमीटर त्रिज्येच्या कमानीवर एक शतांश मिलिमीटर चूक चालणार असेल, तर तुकडा सुमारे २.८ मिलिमीटरांचा पुरतो. चूक दहापट कमी हवी असेल तर तो सुमारे ०.९ मिलिमीटरांचा घ्यावा लागतो. म्हणजे दहापट अचूकतेला तिपटीहून थोडे अधिक बिंदू लागतात. एवढ्यावरून सर्वत्र कडक मर्यादा घालण्याचा मोह होतो, आणि तोच पुष्कळांना नडतो. बिंदूंची इतकी दाटी होते की यंत्र त्या वेगाने आज्ञा वाचू शकत नाही. ते अडखळत चालते आणि अडखळल्याची खूण धातूवर उमटते. गरजेइतकीच अचूकता मागावी, हा पहिला धडा.

पाच अक्षांच्या यंत्रात तीन सरळ हालचालींना दोन फिरत्या हालचालींची जोड मिळते. हत्यार किंवा वस्तू कलती करता येते. हा कल केवळ अडचणीच्या जागी पोचण्यासाठी नसतो. गोल टोकाच्या कटरचे अगदी खालचे टोक स्वतःभोवती फिरते, पण तेथे वेग शून्य असतो. ते टोक धातू कापत नाही, रगडते. दहा मिलिमीटरांचा तोच कटर पंधरा अंश कलता धरला, तर धातूला लागणारा बिंदू अक्षापासून सुमारे १.३ मिलिमीटर दूर जातो आणि धार खरोखर कापू लागते. शिवाय कल दिल्याने धारकाला आड येणारी भिंत टळते, म्हणून आखूड हत्यार वापरता येते. आखूड हत्यार कमी लवते आणि कमी थरथरते.

या सोयीबरोबर एक धोकाही येतो. ध्रुवाजवळ उभ्या असलेल्या माणसाने दोन पावले टाकली तरी त्याचे रेखांश पार बदलते. तसेच हत्याराचा अक्ष टेबलाच्या फिरण्याच्या अक्षाशी जवळजवळ जुळला, की कलाची दिशा किंचित बदलण्यासाठी टेबलाला अर्धा फेरा घ्यावा लागतो. पडद्यावर मार्ग निर्दोष दिसतो; यंत्रावर टेबल एकाएकी गरकन फिरते आणि पृष्ठभागावर चरा पडतो, प्रसंगी हत्यार मोडते. म्हणून कल हळूहळू बदलावा, वस्तू बांधतानाच ती त्या अडचणीच्या दिशेपासून दूर राहील अशी बांधावी, हत्याराबरोबर त्याचा धारक, शिकंजा आणि टेबल यांसह सर्व हालचाल संगणकावर तपासावी, आणि पहिला फेरा धातूपासून वर, हवेत, मंद गतीने चालवून पाहावा. शेवटच्या हातासाठी सर्वत्र सारखी धातू राखणे हा तर जुन्या कारागिराचाच नियम. यंत्र बदलले तरी तो बदललेला नाही.

हे सारे आता दूरच्या देशाचे राहिलेले नाही. ज्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान घातले, त्या बेळगावच्या उद्यमबागेत लेथ आणि मिलिंग यंत्रांचे लहानमोठे कारखाने उभे राहिले, आणि जवळच हत्तरगी येथे विमानांचे सुटे भाग घडविणारे विशेष औद्योगिक क्षेत्र झाले. तेथे पडद्यासमोर बसून मार्ग आखणाऱ्या तरुणाने यंत्राजवळ उभ्या असलेल्या वडीलधाऱ्या मिस्त्रींना आधी विचारावे, यात त्याचाच फायदा आहे. कटरचा आवाज बदलला की काय बिघडले, हे त्यांना कळते. ते कोणत्याही फाइलीत लिहिलेले नसते.

१९८५ साली पार्सन्स आणि स्टुलेन यांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक देण्यात आले. २००७ साली पार्सन्स निवर्तले. त्यांच्या दोनशे बिंदूंच्या जागी आज लक्षावधी बिंदू क्षणात निघतात. पण दोन बिंदूंच्या मध्ये धातूचे काय होते, हे जाणणाऱ्या माणसाची गरज त्या पहिल्या फरम्याला होती तशीच आजही आहे.